मणक्याच्या गाठीच्या रुग्णांना ‘कसं वाटतंय’ हे मोजायचं तर: सोलापुरातली पहिल्या अर्जापासून शेवटच्या फोनपर्यंतची वाट

मणक्यात कर्करोग पसरलेल्या रुग्णाचं ऑपरेशन झालं की पुढच्या तपासणीची नोंद केसपेपरवर बहुधा एका ओळीत उरकते: चालतो, किंवा चालत नाही. या ओळीला आधार आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात मज्जारज्जू दाबला गेल्यावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसते किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. पण त्या अभ्यासात ‘चालतो’ म्हणजे काय, तर काठी किंवा वॉकर घेऊन का होईना, प्रत्येक पायाची दोन अशी एकूण चार पावलं टाकता येणं. मज्जारज्जू वाचला का हे ठरवायला एवढं पुरतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या मावशींना मांडीवर सूप घेऊन तासभर बसता येतं का, रात्री कूस बदलताना जीव जातो का, लघवीच्या भीतीने त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलंय का, यातलं काहीच त्या चार पावलांत येत नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. किती जणांना झाला, किती दगावले हे तिथून कळतं. मधल्या काळात माणूस कसा जगला, हे त्यालाच विचारावं लागतं.

ते विचारण्याची रीतसर पद्धत आम्ही सोलापुरातल्या एका रुग्णालयात राबवली. २०२३ च्या पावसाळ्यात आराखडा लिहायला घेतला आणि वर्षभराचा शेवटचा फॉर्म २०२५ च्या उन्हाळ्यात आला. प्रबंधासाठी हा विषय घेणारे निवासी डॉक्टर, फिजिओथेरपीची मुलं आणि वॉर्डातले समाजसेवा अधीक्षक यांना उपयोग व्हावा म्हणून क्रमाने लिहितो आहोत.

पहिला प्रश्न, प्रश्नावली कोणती घ्यायची. तीन घेतल्या. ईक्यू-५डी सगळ्यात छोटी: हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच पायऱ्या आणि शेवटी शून्य ते शंभरची उभी पट्टी. पाचही उत्तरांचा मिळून एक आकडा काढायचे, भारतातल्या लोकांच्या पसंतीवर बेतलेले तिचे गुणांक २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यामुळे आता परदेशी गुणांक उसने घ्यावे लागत नाहीत. दुसरी ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० (पुढे नुसतं सी३०). कर्करोगाच्या रुग्णांसाठीची, तीस प्रश्नांची आणि मराठीत उपलब्ध. तिसरी खास मणक्याची, एसओएसजीओक्यू. तिची सुधारलेली आवृत्ती २०१८ मध्ये पडताळून प्रसिद्ध झाली. तिच्यात शारीरिक क्षमता, वेदना, मन आणि सामाजिक वावर यांचे वीस मूळ प्रश्न आहेत, शिवाय उपचारानंतर विचारायचे आणखी थोडे. हात-पायांतली ताकद आणि लघवी-संडासवरचा ताबा ती थेट विचारते. सी३० बद्धकोष्ठ आणि जुलाब विचारते, लघवीचा ताबा विचारत नाही. मणक्याच्या रुग्णाबाबत नेमकी हीच गोष्ट सुटून चालत नाही.

इथे एक भेद सुरुवातीलाच करून ठेवा. एसओएसजीओक्यू शरीरात दुसरीकडून मणक्यात पसरलेल्या कर्करोगासाठी बनली आहे. मेनिंजिओमा, श्वानोमा यांसारख्या मज्जारज्जूच्या आवरणाच्या आतल्या, बहुधा साध्या म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींना ती नीट बसत नाही. त्या रुग्णांना ईक्यू-५डी द्या आणि सोबत मज्जारज्जूच्या कार्याचं कुठलंही प्रस्थापित मोजमाप ठेवा. दोन्ही गट एका सरासरीत घातलेत तर ती सरासरी कोणाचीच राहत नाही.

परवानग्या वाटल्या होत्या तितक्या अवघड नाहीत. ईक्यू-५डीसाठी, ती बनवणाऱ्या युरोक्वॉल या संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासाची नोंदणी करायची. विनानफा संशोधनाला शुल्क लागत नाही. ईओआरटीसीकडे अर्ज केला की फॉर्म आणि गुणांकनाची पुस्तिका दोन्ही मिळतात. अर्जात भाषा काळजीपूर्वक निवडा. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही मागून ठेवाव्या असं वाटतं आणि ते बरोबरच आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडून येणाऱ्यांना कन्नड फॉर्मच लागतो. तेलुगूचं मात्र वेगळं. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे पण शाळा मराठीत झालेले पुष्कळ. त्यांना तेलुगू लिपीतला फॉर्म दिला की ते तो शेजारच्याकडे सरकवतात. म्हणून भाषा दोनदा विचारायची: बोलता कोणती, वाचता कोणती. फॉर्म वाचायच्या भाषेत द्या आणि वर्षभर तीच भाषा ठेवा.

एसओएसजीओक्यूची तयार मराठी आवृत्ती आमच्या हाती लागली नाही, तेव्हा मूळकर्त्यांची परवानगी घेऊन अनुवाद करावा लागला. पद्धत ठरलेली आहे. दोन जणांनी एकमेकांना न दाखवता मराठी करायचं, तिसऱ्याने दोन्हींचं एक करायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मग पाच ते आठ रुग्णांसमोर बसून, प्रत्येक प्रश्न त्यांना काय समजला हे त्यांच्याच शब्दांत काढून घ्यायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि खरी गंमत तिथेच असते. ‘मूत्राशयावरील नियंत्रण’ असं छापलं की माना डोलतात, उत्तर मात्र भलतंच येतं. ‘लघवी रोखून धरता येते का’ म्हटलं की लगेच कळतं. पुन्हा, कॅथेटर असलेला माणूस सरळ सांगतो, ‘मला लघवीचा काही त्रास नाही.’ कॅथेटर असेल तर काय धरायचं हे आधीच सूचनापत्रात लिहून ठेवा, नाहीतर विचारणारा प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. अनुवादाला दोन-अडीच महिने जातात. आमच्या सगळ्या खर्चात मोठा वाटा याचाच होता. बाकी झेरॉक्स, पॅड, एक वेगळं सिमकार्ड आणि फायली मिळून सगळं पंधरा-वीस हजारांत बसलं.

मधल्या काळात एथिक्स कमिटी. बैठक दर महिन्याला होतेच असं नाही, म्हणून तारीख विचारून मगच कामं लावा. लागतं काय: आराखडा, विभागप्रमुखांचं पत्र, संशोधकांचे बायोडेटा आणि जीसीपी (वैद्यकीय संशोधनाची शिस्त) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, प्रत्येक भाषेतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र, सगळ्या प्रश्नावल्यांच्या प्रती आणि त्या वापरण्याच्या परवानग्या. कमिटी एक गोष्ट हमखास विचारते: उत्तरात धोक्याची गोष्ट आली तर कोण काय करणार? हे मोघम ठेवू नका. फोनवर कोणी ‘दोन दिवसांपासून पाय लटपटतोय’ किंवा ‘लघवी कळेनाशी झालीय’ म्हटलं, तर तो फॉर्म पुरा होण्याची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला कळवायचं. मनाच्या प्रश्नांना टोकाची उत्तरं आली तर समुपदेशकाकडे पाठवायचं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावरच छापायचा. मंजुरीपत्र हाती आल्यावर सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी. ती मोफत आहे, पण त्यांच्या शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, आणि नोंदणी क्रमांक पहिल्या रुग्णाच्या आधी यायला हवा. या दोन पायऱ्यांना मिळून चार महिने धरून ठेवा.

छपाईचं एक सांगायचं राहिलं. ईक्यू-५डीची उभी पट्टी वीस सेंटिमीटरची असते. झेरॉक्सवाला पान ‘फिट’ करून देतो आणि ती साडेअठराची होते. शंभर टक्के आकारात छापायला सांगा आणि पहिल्या प्रतीवर पट्टी ठेवून बघा.

रुग्ण घ्यायला सुरुवात झाली ती जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत. आता या कामातला सगळ्यात नाजूक भाग: उपचाराआधीचा पहिला फॉर्म.

तो नसेल तर पुढचे सगळे फॉर्म अधांतरी. सहा आठवड्यांनी वेदना दहापैकी चार असेल, तर आठाची चार झाली की तिनाची, हे कळायला मार्ग नाही. आणि तोच मिळवणं सगळ्यात कठीण, कारण मज्जारज्जू दाबला गेलेला रुग्ण निवांत ओपीडीत येत नाही. तो रात्री स्ट्रेचरवर येतो, एमआरआय होतो, स्टेरॉइड सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी टेबलवर जातो. मधल्या काही तासांत संमती घ्यायची, फॉर्म भरून घ्यायचा आणि तेही त्याच्या उपचाराला जराही अडथळा न होता. त्यासाठी दिवसपाळीचा एक संशोधन सहायक पुरत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांना फक्त ईक्यू-५डी आणि वेदनेचे आकडे घ्यायला शिकवून ठेवलं, तर पहिला फॉर्म सहसा सुटत नाही. लांब प्रश्नावल्या सकाळी, ऑपरेशनआधी वेळ मिळाला तर. क्रमही ठरलेला असावा: सगळ्यात छोटी आधी. दमलेला माणूस अर्ध्यातून थांबला तरी एक तरी पूर्ण हाती राहते.

स्टेरॉइडची वेळ फॉर्मवर लिहा. डेक्सामेथासोनने काहींची वेदना दिवसभरात उतरते, झोप उडते, भूक वाढते, मनही चाळवतं. स्टेरॉइडआधीचा आकडा आणि बारा तासांनंतरचा आकडा यांना एकाच रकान्यात घातलं तर उपचाराचा फायदा उगाच कमी दिसतो. मॉर्फिनचंही तेच, शेवटचा डोस किती वाजता ते टिपा.

संमतीची अडचण वेगळीच. निरक्षर रुग्णाच्या अंगठ्याला लिहिता-वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तो अभ्यासाच्या गटातला चालत नाही. रात्री दोन वाजता असा माणूस म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा नातेवाईक. लोक नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना आधी नीट समजावून सांगा की ही जामिनाची सही नव्हे.

त्याहून मोठी अडचण, ‘पेशंटला काही सांगू नका.’ मुलगा दारातच गाठतो. सी३० च्या प्रश्नांत कर्करोग हा शब्द येत नाही, पण माहितीपत्रकात येतो. रुग्णाला आजार माहीत नसताना ते पत्रक त्याच्या हाती गेलं, तर निदान त्याला कागदावरून कळतं, आणि हे कुठल्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. शिवाय पहिल्या रात्री निदान पक्कं नसतंच. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग भरपूर. एमआरआयवर संशय असला तरी बायोप्सीशिवाय गाठ की टीबी हे सांगता येत नाही. म्हणून संमती ‘मणक्याच्या आजाराचा संशय’ अशी दोन टप्प्यांत घेण्याची मंजुरी कमिटीकडून आधीच घेऊन ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर, डॉक्टरांनी स्वतः रुग्णाशी बोलल्यानंतर, दुसरी सही. टीबी निघालेल्यांचे फॉर्म वगळायचे, पण फाडायचे नाहीत.

आता विचारण्याबद्दल. स्वतः भरणं सगळ्यात चांगलं. वाचून दाखवायचं तर छापलंय तसंच, एका सुरात, समजावण्याचा मोह टाळून. ‘जड पिशवी उचलताना त्रास होतो का’ यावर आडवा पडलेला माणूस म्हणतो, ‘मी उचलतच नाही, त्रास कसला?’ अशा वेळी ‘उचलायची झाली तर?’ एवढं विचारण्याची मुभा सूचनापत्रात असावी, त्यापुढे नाही. काळाचा घोळ तर नेहमीचा: ईक्यू-५डी ‘आज’बद्दल विचारते, सी३० बरंचसं ‘गेल्या आठवड्या’बद्दल. मधल्या पानावर रंगीत कागद घातला आणि तिथे थांबून ‘आता मागच्या आठ दिवसांचं सांगा’ म्हटलं की फरक पडतो. गेल्या आठवड्याचा हा नियम लक्षात घेतला तर डिस्चार्जच्या दिवशी सी३० भरून घेण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात ऑपरेशनच होतं.

वेदनेचा आकडा दोनदा घ्या, पडून असताना आणि हालचाल करताना. मणका डळमळीत असेल तर पडून असताना दोन आणि उठून बसताना नऊ असं चित्र दिसतं आणि सर्जनला नेमकं हेच हवं असतं. मणक्याच्या अस्थिरतेच्या ‘सिन्स’ गुणांकनात हालचालीने वाढणाऱ्या वेदनेला वेगळे गुण आहेत. म्हातारी माणसं दहापैकी आकडा देत नाहीत. ‘रुपयातले बारा आणे गेलं’ असं सांगतात. ते शेऱ्यात लिहा, पण स्वतः गणित करून आकडा घालू नका. शून्य ते दहाची पट्टी दाखवून बोट ठेवायला सांगा.

नातेवाइकांना नम्रपणे बाजूला करणं ही कला आहे. काका बोलायच्या आत सून बोलते, आणि प्रेमानेच बोलते. दिसणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे चालणं, जेवणं, अंघोळ यांवर, घरच्यांचं आणि रुग्णाचं बऱ्यापैकी जुळतं. भीती, उदासी, वेदना यांवर घरचे बहुधा जास्त वाईट सांगतात. म्हणून ‘ताई, आधी काकांचं होऊ द्या, मग तुमचंही लिहून घेते’ म्हणायचं आणि खरंच वेगळ्या कागदावर लिहून घ्यायचं. रुग्ण बोलूच शकत नसेल तर ईक्यू-५डीचा नातेवाइकांसाठीचा वेगळा फॉर्म आहे. तो वापरल्याची खूण केल्याशिवाय फाइलमध्ये जाऊ नये. लघवी-संडास आणि लैंगिक आयुष्याचे प्रश्न बाईला बाईने, पडदा ओढून विचारायचे. उत्तर नाही आलं तर ‘सांगायचं नाही’ असा रकाना असावा, कारण तेही उत्तरच आहे.

पुढच्या भेटी सहा आठवडे, तीन, सहा आणि बारा महिने. किरणोपचार झालेल्यांत, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शेक’ घेतलेल्यांत, पहिल्या काही दिवसांत वेदना उलट भडकू शकते आणि आराम पडायला काही आठवडे लागतात. त्याआधीचा फॉर्म घेऊन निष्कर्ष काढू नये. भेटीसाठी सांगोला किंवा करमाळ्याहून माणूस मुद्दाम बोलवणं चूक आहे. खाटेवरच्या रुग्णाला जीपने आणायचा खर्च आमच्या अख्ख्या छपाईपेक्षा जास्त होतो. फोनवर घ्या, पण फोनवरचा फॉर्म वेगळा असतो तो वापरा आणि पद्धत नोंदवा. सुरुवातीलाच दोन नंबर घ्या, एक घरचा आणि एक गावातल्या कोणाचा. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, म्हणून अभ्यासाचा नंबर डिस्चार्ज कार्डवर लिहून द्या आणि त्यांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून द्या. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी विचारून घ्या. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गावात नसतं, आणि आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरकडच्यांचे फोन उचलले जाण्याची आशा सोडावी.

फोन करण्याआधी वॉर्डाचं रजिस्टर, ऑन्कॉलॉजीची यादी बघा. तरीही कधी तरी पलीकडून ‘ते गेले’ असं येतंच. त्यासाठी पहिलं वाक्य ठरलेलं असावं: ‘दवाखान्यातून बोलतेय, घरी सगळे कसे आहेत?’ थेट ‘काकांना फोन द्या’ नव्हे. निधनाची तारीख विचारायची घाई नको. प्रश्नावली तिथेच संपते. फॉर्म पुढे रेटायचा नसतो.

कोरा फॉर्म म्हणजे काही नाही, असं समजलं की सगळं गणित बिघडतं. जे भरू शकत नाहीत ते बहुधा सगळ्यात आजारी असतात. उरलेल्यांची सरासरी काढली की सहा महिन्यांनी सगळे सुधारले असं दिसतं, प्रत्यक्षात खालावलेले यादीतून गळालेले असतात. म्हणून प्रत्येक कोऱ्या फॉर्मला कारणाचा क्रमांक द्यायचा: फार आजारी, नको म्हणाले, संपर्क नाही, आपण विचारलंच नाही, मृत्यू. ‘आपण विचारलंच नाही’ हा रकाना प्रामाणिकपणे भरला जातो का, यावर देखरेख करणाऱ्याने लक्ष ठेवावं. आठवड्याला ही यादी बघितली तर दुरुस्त करता येते, वर्षअखेरीला बघून नाही. मृत्यूची किंमत ईक्यू-५डीत शून्य धरतात, आणि काही अवस्था शून्याच्याही खाली जातात. सी३० मध्ये मृताला शून्य घालायचं नसतं.

आकडे भरताना एक खास आपल्याकडचा घोळ. पट्टीवरचा आकडा रुग्ण मराठीत लिहितो, आणि मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. १० लिहिलेल्या माणसाची तब्येत संगणकात नव्वद होऊन बसते. प्रत्येक फॉर्म दोन जणांनी वेगवेगळा भरायचा आणि फरक तपासायचा. आकडा पट्टीवरच्या खुणेशीही जुळवायचा. नावांची यादी एका फाइलमध्ये, उत्तरं सांकेतिक क्रमांकांनी दुसऱ्या फाइलमध्ये, दोन्ही एका पेनड्राइव्हवर कधीच नाहीत.

सी३० च्या गुणांकनात दिशा उलटसुलट आहेत. एकेका विषयाचे प्रश्न मिळून होणारे सगळे मापक शून्य ते शंभरवर येतात, पण कार्यक्षमतेच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं आणि लक्षणांच्या बाबतीत जास्त म्हणजे वाईट. शेवटच्या दोन प्रश्नांना चारऐवजी सात पायऱ्या आहेत, तिथे जास्त म्हणजे चांगलं. एखाद्या मापकातले निम्मे प्रश्न सुटले असतील तर उरलेल्यांच्या सरासरीवर चालतं, त्याहून जास्त सुटले तर तो मापक रिकामा ठेवायचा. दहा गुणांच्या आतल्या बदलाला रुग्ण फारसं महत्त्व देत नाहीत, वीसच्या पुढचा त्यांना स्पष्ट जाणवतो. वेदनेच्या आकड्यात दोनची घट झाली आणि गोळ्या वाढल्या नाहीत, तरच आराम पडला असं म्हणायचं. म्हणून प्रत्येक भेटीला औषधांचा डोस लिहिलेला लागतो. हा रकाना मागाहून भरता येत नाही.

आणि व्हीलचेअरवरचा माणूस सहा महिन्यांनी पट्टीवर ऐंशी दाखवतो, तेव्हा ‘नीट समजलं का’ म्हणून पुन्हा विचारू नका. ‘बरं’ कशाला म्हणायचं याचं त्याचं मोजमाप बदललेलं असतं, माणूस खोटं बोलत नसतो. ऐंशी लिहा, आणि शेजारच्या रकान्यात पायाची ताकद लिहा. दोन्ही खरे आहेत.

वर्ष पुरं झालं की कमिटीला समाप्ती अहवाल जातो: किती घेतले, किती वगळले, किती दगावले, धोक्याच्या सूचना किती आल्या आणि त्यांचं काय केलं. सर्जनसाठी आम्ही प्रत्येक रुग्णाचा एका पानाचा आलेख काढतो. वर हालचालीची वेदना, मध्ये बसणं-चालणं, खाली लघवीचा ताबा, आणि तळाशी औषधं. तो केसपेपरला टाचलेला असला की ओपीडीत वाचला जातो. ईमेलने पाठवलेला वाचला जात नाही. टाचणी वरच्या डाव्या कोपऱ्यात मारा, उजव्या कोपऱ्यात मारली की एमआरआयच्या पाकिटातून काढताना पान फाटतं.